जपानात चिकू होत नाही

"आता याला खत-पाणी घालायचं तेवढं राह्यलंय," पांड्या पुटपुटला.

पुटपुटला तो झाडाच्या बुंध्याशी, पण दोन हातांवर कुसुमबाई चिकू निवडत बसल्या होत्या, त्यांना ते स्वच्छ ऐकू आलं. पांड्याच्या हातात चिकू उतरवायचा लांब बांबू होता. त्याच्या टोकाला जाळी असते, फळ तिच्यात अलगद पडतं, खरचटत नाही. गेले नऊ दिवस मात्र रोज दुपारी चार वाजता त्या जाळीत रामनाथांचा मोबाइल बसत होता. पांड्याने तो शेंड्यापर्यंत चढवायचा, पाच मिनिटं धरून उभं राहायचं आणि मग पाडाला आलेलं फळ उतरवावं तसा खाली आणायचा. नेटवर्क वर भरपूर असतं, असं रामनाथांचं म्हणणं होतं. खाली येता येता ते पानांत अडकतं.

फोन खाली आला. रामनाथांनी चष्मा नाकावर सरकवून पाहिलं. शुभ दुपारची दोन गुलाबाची फुलं उतरली होती, मधुमेहावर एक पाला उतरला होता, आणि कुणाच्या तरी पुतण्याचं बारसं. त्यांना हवं होतं ते नव्हतं.

"अजून वर पाहिजे," ते म्हणाले आणि घरात गेले.

खरं काय झालं होतं ते नरपडपासून उंबरगावपर्यंत सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं, कारण सगळे त्या एकाच ग्रुपवर होते.

हा फोन रामनाथांना त्यांच्या मुलीनेच दिवाळीत आणून दिला होता. विनिता त्यांची एकुलती एक, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. फोन हातात आल्यापासून रामनाथांतला बागायतदार मागे पडून शास्त्रज्ञ पुढे आला. आधी ते शुक्रवारी पेपरातलं तंत्रज्ञानाचं सदर निवडणीला बसलेल्या बायकांना वाचून दाखवत. आता रोजच शुक्रवार झाला. टूजी, थ्रीजी, फोरजी म्हणजे काय, ते त्यांनी चिकूचे तीन ढीग करून समजावलं होतं. निवडणीवाली सुकी, म्हणजे या पांड्याची बायको, सगळं ऐकून म्हणाली होती की मग आपला ढीग कुठला ते सांगा, म्हणजे आम्हाला घरी जाता येईल.

मार्चच्या अखेरीस एके दिवशी रामनाथांनी ग्रुपवर एक बातमी पुढे पाठवली. चिकूच्या बागेत मोबाइल वापरल्यास लहरींमुळे फळातली साखर मरते, असं जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे, तरी सर्व बागायतदारांनी सावध राहावं. खाली हात जोडलेले.

दोन मिनिटांत विनिताचं उत्तर आलं: "बाबा, जपानात चिकू होत नाही."

एवढंच. पण ग्रुपवर एकेचाळीस माणसं होती आणि त्या दिवशी सगळ्यांनाच सवड होती. हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं एकामागून एक पडायला लागली. डहाणूच्या साडूंनी तर सात टाकली. रामनाथांनी ती मोजली. मग हातातला चहा निवायच्या आत त्यांनी, ग्रुप त्यांनीच काढला होता म्हणून, विनिताला ग्रुपमधून काढून टाकलं.

पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. विनिता रोज चार वाजता ऑफिसच्या चहाचा फोटो ग्रुपवर टाकायची आणि रामनाथ तिला उलट एका चिकूचा फोटो पाठवायचे. रोज वेगळा चिकू. या दोन फोटोंचा बाकी कुणाला काही उपयोग नव्हता. त्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले, चहा आला नाही. साडेचारला रामनाथ ओटीवरून उठले आणि म्हणाले, "टॉवरमध्ये काहीतरी बिघाड आहे."

कुसुमबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातला चिकू मोठ्याऐवजी मधल्या टोपलीत टाकला.

बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट कळली होती. या माणसाची चूक चारचौघांत दाखवली की ती चूक पक्की होते, सिमेंटसारखी. एकदा रामनाथांनी विहिरीवरच्या पंपाच्या वायरी उलट जोडल्या होत्या. मोटार घूं घूं करून उलटी फिरायची, पाणी चढायचं नाही. भावजींनी सगळ्यांसमोर हसून दाखवलं, तर आठ दिवस रामनाथ विहिरीचंच पाणी खाली गेलं म्हणून सांगत होते आणि माणसं बादल्यांनी बाग शिंपत होती. म्हणून कुसुमबाई गप्प राहिल्या.

तिकडे लेकही बापाचीच. कुसुमबाईंकडे बटणांचा जुना फोन होता. चिकाने हात इतके चिकट आणि काळे झालेले असायचे की काचेच्या फोनला त्यांचं बोट कळतच नसे, बटणाला मात्र कळायचं. त्या फोनवर विनिता रोज बोलायची, आणि रोज तेच बोलायची.

"आई, तू त्यांना काही सांगू नकोस. त्यांनीच काढलं, त्यांनीच तोंडाने म्हणायचं. नाहीतर जत्रेला मी येत नाही."

जत्रा म्हणजे चारोटीजवळची महालक्ष्मीची. ती सहा दिवसांवर आली होती. विनिता पाळण्यात होती तेव्हापासून एकही जत्रा चुकली नव्हती. दोघं बापलेक मोठ्या पाळण्यात बसायचे आणि कुसुमबाई खाली दोघांच्या चपला धरून उभ्या राहायच्या. यंदा चपला नसतील, असं मनात आलं की त्यांना चिकूचे आकार दिसेनासे व्हायचे.

तोवर टॉवरची चौकशी जोरात सुरू होती. कुणी म्हणे भरतीला नेटवर्क जातं, ओहोटीला येतं. कुणी म्हणे खारी हवा लागून लहरी गंजतात. आशागडहून कुणी आलं की रामनाथ त्याच्या फोनवर किती काड्या दिसतात ते विचारायचे आणि वहीत उतरवून ठेवायचे. काड्या सगळ्यांच्याच भरलेल्या होत्या. तीच गोष्ट त्यांना फार संशयास्पद वाटली.

डहाणू रोडला जतीनचं मोबाइलचं दुकान होतं. जतीन घरी गुजराती, गिऱ्हाइकाशी गुजराती मिसळलेलं मराठी आणि फोनशी हिंदी बोलायचा. रामनाथांनी त्याला दाखवायला फोन नेला. जतीनने नेटवर्क पाहिलं, ते उत्तम होतं. मग त्याने ग्रुप उघडला आणि तिथे मधोमध ओळ होती की तुम्ही विनिताला काढून टाकलं. जतीनने काकांकडे पाहिलं. काका छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"काका, स्क्रीन गार्ड जूनो थई गयो छे," जतीन म्हणाला, आणि नवीन लावून दिला.

दुसऱ्या खेपेला त्याने सिमकार्ड खोडरबराने घासून दिलं. तिसऱ्या खेपेला त्याला काहीच सुचेना, तेव्हा तोच म्हणाला की काका, जरा उंचावर धरून बघा. तिथून तो बांबू निघाला.

म्हणजे बागेत मोबाइल नेऊ नका म्हणून जपानची साक्ष काढणारा माणूस आता रोज मोबाइल चिकूच्या झाडाला टांगत होता. हे कुसुमबाईंना दिसत होतं, सुकीला दिसत होतं, पांड्याच्या तर खांद्यांना कळत होतं. पण शेठ फोनकडे मान वर करून बघायला लागले की सगळ्यांचीच तोंडं हवापाण्याकडे वळत. सुकी एकदा म्हणायला गेली, "शेठ, बाकी सगळ्यांचं येतं..." तेवढ्यात पांड्याला जोरात खोकला आला. तिनेही मग वाक्य वळवलं आणि बाकी सगळ्यांचं येतं ते हलकं असेल, विनिताताईंचं जड असेल, असं म्हणून मोकळी झाली. रामनाथांनी ते वहीत लिहून घेतलं.

दहाव्या दिवशी सकाळी कुसुमबाईंनी बटणांच्या फोनवरून जतीनला बोलावलं. तू तपासायला म्हणून ये, म्हणाल्या, आणि जाळीत घालायच्या आधी विनिताला व्हिडिओ कॉल लाव. मी कुणाला काही सांगितलं नाही आणि तूही नाही. जतीन म्हणाला, काकी, मारी दुकान आहे, काका परत येणार नाहीत. कुसुमबाई म्हणाल्या, तू तीन वेळा लुटलंस त्यांना, आता एकदा उपयोगी पड.

चार वाजता सगळे झाडाखाली जमले. जतीनने फोन हातात घेतला, चेहरा डॉक्टरसारखा केला, दोनदा बोट दाबलं आणि फोन जाळीत ठेवला. पांड्याने बांबू चढवला. शेंड्याकडून टुंग टुंग असा आवाज यायला लागला. रामनाथांनी विचारलं, हे काय. टेस्टिंग, जतीन म्हणाला.

टुंग टुंग थांबलं. आणि चिकूच्या झाडातून विनिताचा आवाज आला.

"हॅलो? बाबा?"

सुकीच्या हातातला चिकू खाली पडला आणि ओटीपर्यंत घरंगळत गेला. रामनाथ तोंड उघडं ठेवून वर बघत होते.

"बाबा, मला नुसती पानं दिसतायत. आणि एक मुंगळा. तुम्ही कुठे आहात?"

"खाली," रामनाथ म्हणाले.

"मग फोन वर काय करतोय?"

"नेटवर्क घेतोय."

 झाडाने विचारलं, "मिळालं?"

आता बोलायची पाळी रामनाथांची होती आणि ती सगळ्यांनीच त्यांच्याकडून काढून घेतली. जतीन सांगायला लागला की एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर जाताना सिग्नल घसरतो. सुकीने वाऱ्याचं नाव घेतलं. पांड्या म्हणाला, बांबू पार जुना झालाय. आणि कुसुमबाईंनी, ज्यांनी हा सगळा घाट घातला होता, आपल्याच कानांनी ऐकलं की आपण म्हणतोय, ढग आलेत ना आज. एप्रिलचं आभाळ होतं, त्यात एक कावळासुद्धा नव्हता. एवढ्या दिवसांची सवय, दुसरं काय.

"मुंगळा जवळ येतोय," झाड म्हणालं. "आणि हलवू नका, मला चक्कर येते."

"शेठ, हात भरला," पांड्या म्हणाला.

"बरं, मग मी ठेवते बाबा. तुमचं नेटवर्क दुरुस्त झालं की सांगा. जत्रेनंतर बघू."

कुसुमबाईंनी मान खाली घातली. हातातल्या चिकूवरची भुकटी त्या अंगठ्याने चोळत राहिल्या. पार साल गुळगुळीत झाली तरी चोळत राहिल्या. वर बघायचं धाडस त्यांना होईना.

चपलांचा आवाज आला. रामनाथ पुढे आले आणि पांड्याच्या हाताखाली त्यांनी स्वतः बांबू धरला, दोन्ही हातांनी. वरची पानं स्थिर झाली.

"ठेवू नकोस," ते म्हणाले.

झाड थांबलं.

रामनाथांनी एकदा जतीनकडे पाहिलं, तर तो ढग बघत होता. सुकी घरंगळलेला चिकू शोधत होती, जो तिच्या पायाशीच होता. मग त्यांनी मान वर केली, आणि विहिरीपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, कारण झाड उंच होतं, ते म्हणाले,

"नेटवर्क चांगलं आहे, विनू. पहिल्या दिवसापासून चांगलंच आहे. मीच काढलं तुला."