पाहुणे येईपर्यंतच्या उड्या

मला एका जागी बसवत नाही, आणि बारामतीच्या त्या मैदानावर त्या दिवशी तर बसायचा प्रश्नच नव्हता. जिल्ह्याच्या मुलींच्या रग्बी संघाची निवड होती. रग्बीत बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकतात तेव्हा दोघी जणी तिसरीला मांड्यांना धरून उचलतात आणि ती वरच्यावर चेंडू पकडते. ती तिसरी मला व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. जागा एक आणि दावेदार दोघी: कळंबची मी करुणा आणि कन्हेरीची छकुली. भिंतीशी उभं राहून, बोटांना खडू लावून उडी मारायची. उभ्यानं हात पोचतो त्याच्या वर जिचा ठसा जास्त उंच, जागा तिची.

आमच्या प्रशिक्षक अंजली मॅडमनी एकच गोष्ट डोक्यात घातली होती. बाकड्यावरून खाली उतरायचं आणि पाय टेकताक्षणी वर उसळायचं, अशा मोजक्या उड्या मारायच्या, मग थोडं थांबायचं. "उड्यांनी पाय जागे होतात, पण दमतातही," त्या म्हणायच्या. "थकवा उतरू दे, मग खरी उडी."

सकाळी मी तशा उड्या मारल्या. पाय इतके हलके झाले की कधी एकदा भिंतीशी जाते असं झालं. तेवढ्यात आयोजक दादासाहेब माईकवर आले. "पाहुणे निघाल्यात. सत्कार झाल्याबिगर चाचणी सुरू व्हनार न्हाय." वर मी उंच म्हणून शाल-श्रीफळाचं ताट माझ्याच हातात दिलं. फोटोत बरं दिसतं म्हणे.

पाहुणे येईनात. पायातली ऊब चालली होती. मी टाचा उचलायला लागले तसा ताटातला नारळ गडगडला आणि दादासाहेबांनी डोळे वटारले. छकुली सतरंजीवर पाय पसरून चक्क पेंगत होती. तिचा असा राग आला की विचारू नका.

बाबा एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तसेच मोटरसायकलवर आले होते. "करू, दम धर की जरा," ते म्हणाले. "भिंत कुठं पळून चाललीय?"

"पाय थंड पडत्यात, बाबा."

"पडू दे. डोकं बी थंड पडू दे."

अखेर पाहुणे आले. शाल, श्रीफळ, फेटा झाला आणि भाषण सुरू झालं. आपण शाळेत कबड्डी कशी खेळायचो इथून निघालेलं ते भाषण रग्बीपर्यंत पोचलंच नाही. मी मांडवामागे जाऊन बाकड्यावरून उड्या मारायला लागले. भाषण संपत आलं असं वाटलं की मारायचे. ते पुन्हा लांबलं की पाय थंड पडतील म्हणून आणखी मारायचे. टाळ्या वाजल्या तेव्हाही मी उड्याच मारत होते.

माझं नाव पुकारलं तशी धावत भिंतीशी गेले. मॅडम आडव्या आल्या. "उड्या कधी मारल्यास?"

"आत्ताच."

"मग थांब. छकुलीला आधी जाऊ दे."

आणखी थांबायचं? सकाळपासून मी दुसरं काय करत होते? "न्हाय मॅडम, मीच जाते," म्हणाले आणि उडी मारली. पाय जड, जमिनीतून निघालेच नाहीत. ठसा सरावातल्या ठशापेक्षाही खाली उमटला. पुन्हा मारली, तो त्याहून खाली. छकुली उठली, मोजक्या उड्या मारून पाणी प्यायली, वेणी घट्ट केली आणि गप्प उभी राहिली. मग उडाली. तिचा ठसा बघायची गरज नव्हती, तरी मी बघितला.

संघात माझं नाव आलं, पण उचलणाऱ्यांत. खांदे भक्कम आहेत म्हणून. लगेच दुपारी सराव ठेवला. समोरून मी, मागून दुसरी, आणि मधे छकुली. शिट्टी झाली आणि ती माझ्याच हातांनी वर गेली. क्षणभर वाटलं, द्यावं सोडून. खरंच वाटलं.

"करे, घट धर गं," वरून ती हळूच म्हणाली. "मला लई भ्या वाटतंय."

मी दात आवळून धरलं. चेंडू आला, तिनं झेलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत, माझे हात तिच्याखाली होते.