मॅडमना कोण मारणार?

मालिकेत मॅडम गुप्तहेर होत्या. सहा वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, त्या एखाद्या प्रेताभोवती फेरी मारायच्या, डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "खुनी याच खोलीत आहे." आणि खुनी बिचारा असायचाही. घरी मात्र चष्मा कपाळावर असताना त्यांनी अख्खं घर डोक्यावर घेतल्याचे प्रसंग इतके झाले होते, की नवऱ्याने त्यावर हसणंसुद्धा सोडून दिलं होतं. सासूबाई तर पहिल्या जाहिरातीच्या आत खुनी ओळखायच्या आणि वर सुनेला विचारायच्या, "तुला गं कसं शेवटपर्यंत कळत नाही?"

खरं सांगायचं तर कळायला वावच नव्हता. संवादांचे कागद सकाळी हातात पडायचे आणि शूटिंग उलटसुलट व्हायचं. खुनी आधी पकडला जायचा, खून पुढच्या आठवड्यात व्हायचा. अशा धंद्यात ज्याला डोकं चालवायचं असेल त्याने घरी बसावं. मॅडमची खरी कमाई होती पाठांतर. एकदा डोक्यात शिरलेला संवाद पुन्हा बाहेर पडत नसे, मग तो त्यांचा असो की समोरच्याचा.

त्या सोमवारी सकाळी त्या कपड्यांच्या खोलीत शिरल्या आणि दारातच थबकल्या. दांडीवर त्यांचा करडा कोट लटकत होता. त्याच्या शेजारी अगदी तसाच दुसरा होता, आणि त्याच्या शेजारी तिसरा.

या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की नुसता घालायचा कोट एकच शिवतात. तीन शिवले की समजावं, रक्त सांडणार. एक पहिल्या टेकला खराब होतो, दुसरा रिटेकला आणि तिसरा दिग्दर्शकाच्या लहरीला. कितीतरी पाहुण्या कलाकारांचे तीन-तीन शर्ट मॅडमनी त्याच दांडीवर पाहिले होते आणि मनात म्हटलं होतं, गेला बिचारा, शुक्रवार काही बघत नाही.

"दादा, हे तीन कशाला?" त्यांनी ड्रेसदादांना विचारलं.

ड्रेसदादांच्या तोंडात टाचण्या होत्या. "वरनं आलंय मॅडम," ते ओठ न हलवता म्हणाले आणि बाहीला शिलाई घालत राहिले. मेकअपच्या खोलीत बघावं तर तिथे मेकअपवाली नकली रक्ताची नवीकोरी बाटली हलवत बसलेली.

मॅडमची पाचावर धारण बसली. वीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून मुलासाठी रडणाऱ्या आया केल्या होत्या. मुलगा त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असायचा. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा कोट अंगावर आला, आणि पहिल्यांदा लोक त्यांना बघून उठून उभे राहायला लागले. आता कोट गेला की पुन्हा तो बाक. ते त्यांना नको होतं, अजिबात नको होतं.

सहा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याने काढलेला निष्कर्ष घेऊन त्या तडक वरच्या मजल्यावर लेखकाच्या खोलीत गेल्या. लेखक चहाच्या चार रिकाम्या कपांमध्ये कपाळ धरून बसला होता. पंधराशेवा भाग तोंडावर आला होता, चॅनेलला त्यात धमाका हवा होता आणि लेखकाला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

"मला मारू नका हो!" मॅडम म्हणाल्या. "मेकअपची खोली मी कुणाहीबरोबर वाटून घेईन. रविवारी येईन. पण माझा खून करू नका. मला सगळं कळलंय."

लेखक त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड पसरला, जसा पाहुणे लवकर निघाले की यजमानाच्या चेहऱ्यावर पसरतो.

"तुमचा खून!" तो उठून उभा राहिला. "पंधराशेव्या भागात खुद्द मॅडमचाच खून! अहो, हे मला सुचलंच नव्हतं!"

"मग... ते तीन कोट?"

"ते होय! बुधवारी तुम्ही पाण्यात पडताय ना. एक वाळेपर्यंत दुसरा लागतो. मॅडम, तुम्ही ग्रेट आहात!"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मॅडमना वाटलं, आत्ताच्या आत्ता जिन्यावरून खाली उडी मारावी. पण मग लेखकाचं काम आणखी सोपं झालं असतं. त्याने चॅनेलला फोन लावायला घेतला होता.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "पण मला मारलं कुणी?"

लेखकाचं बोट हवेतच थांबलं. "हॅ, शंभर शत्रू आहेत तुमचे. तो स्मगलर."

"तो तुरुंगात आहे. भाग तीनशे बारा. 'चौदा वर्षांनी भेटू, मॅडम,' असं म्हणून गेला. अजून नऊ बाकी आहेत."

"मग विष देणारा डॉक्टर."

"त्याची स्मृती गेली. मला ताई म्हणून हाक मारतो."

"त्याचा जुळा भाऊ?"

"मेला. दोनदा."

लेखकाने फोन खाली ठेवला. स्वतःचीच मालिका तो कधी बघत नसे, त्यामुळे एकेक गोष्ट ऐकून त्याला नव्याने धक्के बसत होते. बिल्डर झाला, वकील झाला, आश्रमातली बाई झाली. मॅडम एकेकाला भाग, तारीख आणि संवादासकट सोडवत गेल्या. असल्या साक्षी कोर्टात मिळाल्या तर तुरुंग ओस पडतील. दुपार होईपर्यंत जगात मॅडमना मारू शकेल असं कुणी उरलंच नाही.

आणि बोलता बोलता मॅडम अचानक गप्प झाल्या.

सहा वर्षं. दर वेळी धाड पडायची आणि त्याआधी पाच मिनिटं गुन्हेगार पसार झालेला असायचा. लेखक भाग वाढवण्यासाठी तसं लिहायचा, त्यात त्याने कधी जास्त डोकं घातलं नव्हतं. पण गाडी कुठे जाणार हे दर वेळी दोघांनाच माहीत असायचं: मॅडमना, आणि "गाडी तयार आहे मॅडम" म्हणणाऱ्या हवालदाराला. भाग अठरा, भाग दोनशे सहा, भाग नऊशे एक. सगळं तंतोतंत बसत होतं. हवालदारच फितूर होता. मॅडमना मारणारा तोच.

आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा, खरोखर, कागद हातात नसताना खुनी शोधून काढला होता! ओरडून सांगावंसं वाटलं. निदान सासूबाईंना तरी.

"काय झालं?" लेखकाने विचारलं. "कुणी आठवतंय का?"

"छे हो," मॅडम म्हणाल्या. "कुणीच नाही."

लेखकाने सुस्कारा सोडला. "जाऊ द्या मग. तुम्हाला मारणं फार किचकट आहे. धमाका म्हणून पाण्याचाच सीन मोठा करतो."

जिन्यात हवालदार भेटला, म्हणजे त्याचं काम करणारा नट. वय साठीचं, आवाज नाटकातला, आणि सहा वर्षांत वाट्याला आलेलं वाक्य एकच. "मॅडम, खाली म्हणतायत तुम्हाला मारणार म्हणून," तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला. "खरं का? तुम्ही गेलात तर मला कोण ठेवतंय?"

"नाही हो. मिटलं ते."

"देव पावला," तो म्हणाला, आणि मग जरा घुटमळून, "माझं काही निघालं का वर? छोटंसं चालेल."

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला जन्मात एकदाच मिळाली असती अशी भूमिका त्यांनी आत्ताच गिळून टाकली होती. त्याला पानंच्या पानं संवाद मिळाले असते, शेवटी कबुलीजबाब, राज्यभर नाव. पण त्याचं नाव झालं असतं त्यांच्या प्रेतावर. ते काही त्यांच्याने होईना. त्या उलट्या पावली वर गेल्या आणि दहा मिनिटांनी खाली आल्या. "बुधवारी मला पाण्यातून बाहेर तुम्ही काढायचं. पाणबुडे रद्द. आणि पूर्ण एक पान संवाद."

हवालदाराचे डोळे भरून आले. त्याने दोन्ही हात जोडले. "माझ्यासाठी शब्द टाकलात मॅडम. असं कोण करतं हो आजकाल?" सहा वर्षांत मॅडमनी पकडलेला एकमेव गुन्हेगार त्यांचेच आभार मानत होता, आणि त्यांना कुठे बघावं कळत नव्हतं.

बुधवारी स्टुडिओमागच्या टाकीच्या काठावर दोघं उभे होते. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे ओरडत होता. हवालदार मॅडमच्या कानाशी आला.

"मॅडम, त्या दिवशी बोललो नाही. संधी जाईल म्हणून. पण मला पोहता येत नाही."

मॅडमनी काळ्याशार पाण्याकडे पाहिलं. "मलाही येत नाही," त्या म्हणाल्या. "पण आपण दोघांनी तोंड उघडलं नाही, तर कुणाला काही कळत नाही."