पदाप्रमाणे गिअर

ज्यांना चढ चढायचा नव्हता, त्यांनीच चढाचे गिअर ठरवले, आणि ठरवताना एकालाही लाज वाटली नाही! नाव कुणाचं घेत नाही. मी सायकल आहे. बसेल त्याला घेऊन जाणं माझं काम, चुगल्या करणं नव्हे. पण आज बोलतेय.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. एका कामगार बाईने माझ्या मागच्या चाकावर अकरा दातेरी चकत्या ओळीने चढवल्या. पहिली ताटलीएवढी, शेवटची चहाच्या बशीहून लहान. "साखळी मोठ्या चकतीवर आली की पेडल हलकं, चढ सोपा. छोटीवर आली की पेडल जड, पण सपाटीला वेग," असं ती शेजारच्या नवख्या मुलीला शिकवत होती. तेवढंच माझं शिक्षण. पुढे कळलं, मला विकत घेणाऱ्यांचं तेवढंही नव्हतं.

मला घेतलं शहराच्या आरोग्य कचेरीने. घरोघरी जाऊन रुग्णांची मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरांसाठी सायकली घ्यायच्या होत्या. मागे गिअर किती असावेत, यावर समितीच्या चार बैठका झाल्या. नमुना म्हणून मी टेबलाशेजारी उभी होते. चौथ्या बैठकीला सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं.

"चढावर कोण जाणार ते सांगा," मिस्त्री म्हणाला. "त्यांना सात द्या. बाकीच्यांना एक पुरे."

"म्हणजे सिस्टरला सात आणि साहेबांना एक?" हेडक्लार्कचा आवाजच चिरकला. त्यांना सगळे मोठे बाबू म्हणत. "अहो, काही रीतभात?"

मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावलं. ठराव झाला. साहेबांना अकरा, उपसाहेबांना नऊ, बाबूंना सात, आणि टेकड्यांवरच्या वस्त्यांत फिरणाऱ्या सहा सिस्टरांना प्रत्येकी एक.

अशी मी साहेबांची झाले. ते माझ्यावर एकदाच बसले, उद्घाटनाला. आपल्याला शोभेल असा म्हणून अकरावा गिअर लावून घेतला. म्हणजे सगळ्यात छोटी चकती! पेडल दगडासारखं जड. दोन शिपायांनी मागून ढकललं तेव्हा कुठे फोटो निघाला. त्यानंतर दोन वर्षं मी गाड्या लावायच्या जागेत, मोठ्या बाबूंच्या खिडकीखाली उभी. हँडलवर कुणी छत्री अडकवायचं, कुणी ओला टॉवेल. अकरा गिअरची खुंटी.

थोरली सिस्टर मात्र रोज सकाळी सपाटीपुरत्या एका गिअरच्या सायकलला पेटी बांधून निघायची. टेकडीवर एक म्हातारा शिंपी राहतो. साखरेच्या आजाराने त्याच्या पायाची जखम चिघळली होती. पट्टी रोज बदलली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाय गेला तर शिलाई मशीन चालवायचं कशाने?

सिस्टर सायकल ढकलत चढायची. ढकलून ढकलून तिचा गुडघा सुजला. तिने सात गिअरच्या सायकलसाठी अर्ज केला. उत्तर आलं, "आपल्या पदास एकच गिअर अनुज्ञेय आहे."

मग तीन दिवस तिला अंथरुणातून उठताच आलं नाही. चौथ्या दिवशी कशीबशी गेली, तर शिंप्याचं एक बोट काळंठिक्कर पडलेलं. तशीच लंगडत ती कचेरीत आली आणि मोठ्या बाबूंसमोर उभी राहिली. मोठे बाबू तिचे सख्खे धाकटे दीर.

"भावोजी, त्याचं बोट गेल्यात जमा आहे. आता पाय जायची वाट बघायची का?"

"वहिनी, मी तरी काय करू? नियमात बसत नाही."

"माझ्या हातची भाजी तिसऱ्यांदा मागून घेता, ते कुठल्या नियमात बसतं?"

"घरचं घरी ठेवा हो. शिपाई ऐकतायत."

"ऐकू देत!"

दुसऱ्याच दिवशी माझं पेडल साहेबांच्या नव्या गाडीला घासलं. "ही ब्याद आधी हलवा इथून!" साहेब कडाडले. मोठ्या बाबूंना वाट दिसली. मला वहिनींकडे द्यायचं. पण माझे अकरा गिअर त्यांच्या पदात मावेनात. तेव्हा त्या सज्जन गृहस्थाने लेखी आदेश काढला, "जादा दहा गिअर काढून कचेरीत जमा करावेत."

मिस्त्रीने आदेश दोनदा वाचला. मग पाना उचलला.

"सिस्टर, एकच ठेवायचाय तर निवड तुमची. कुठला ठेवू?"

"सगळ्यात मोठी चकती."

"सपाटीला पाय नुसते गरगर फिरतील. लोक हसतील."

"हसू देत. शिंपी सपाटीला राहत नाही."

माझ्या दहा बहिणी एकेक करून निघाल्या. खोटं कशाला बोलू, दुखलं. रिकाम्या जागी मिस्त्रीने नळीचे तुकडे बसवले, साखळी आखूड केली. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी टेकडी चढलो. गोगलगाईच्या चालीने, पण एकदाही न उतरता. त्या दिवसापासून खाडा नाही. शिंप्याचं बोट गेलं, पाय राहिला. त्याच पायाने मशीन चालवून त्याने माझ्या सीटला खोळ शिवून दिली.

एवढ्यावर मी सुखी म्हणवून गप्प बसले असते. पण बाकीच्या पाच सिस्टर अजून सायकली ढकलतायत. त्यांच्याही वाट्याला टेकड्या आहेत, वरती दार उघडं ठेवून बसलेली माणसं आहेत. आकडे ठरवणाऱ्यांनो, एकदाच ती पेटी बांधून चढाला लागा, आणि मग सांगा किती गिअर हवेत. बैठक लागणार नाही.

त्या पाचजणींनीही चढाच्या गिअरसाठी केलेला अर्ज वर्षभर साहेबांच्या टेबलावर पडून आहे. पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर माझ्या दहा चकत्या रचल्यात. ते टेबल रोज पुसणारा शिपाई परवा सिस्टरला म्हणाला, "दहाच्या दहा गिअर घातलेत बाई, तरी कागद जागचा हलत नाही."