मोठ्या बाबांचा इलाज

तंबू ठोकायला शामला जागा सापडली ती तळ्याच्या काठची, अन् त्या जागेत काय नव्हतं ते विचारा! कोंबड्यांची पिसं होती, दारूच्या शिशा होत्या, फाटलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या होत्या, अन् कोणीतरी आदल्या दिवशी ओकून ठेवलं होतं, त्यावर हिरव्या माश्या घोंघावत होत्या. उर्वशीनं नाकाला ओढणी लावली.

"इथं जेवाचं आपण?" तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"अव, निसर्ग हाय हा," शाम म्हणाला. "लोकं क्यांपिंगले कुठं कुठं जातात, मोबाईलवर पाह्य जरा."

निसर्ग म्हणे! आपल्या दारव्ह्यातली नालीसुद्धा यापेक्षा बरी, असं उर्वशीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण जवळच भासरे उभे होते, अन् त्यांच्यासमोर तिनं तोंड उघडायची सोयच नव्हती. भासरे म्हणजे शामचे थोरले भाऊ, भगवानराव. उर्वशी या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली, पण त्यांच्याशी ती थेट एक शब्द बोलली नव्हती. सुनेनं भासऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. सांगायचंच असलं तर तिसऱ्याच्या तोंडून. आधी ते काम जाऊ शीला करायची. मग लेक समीक्षा बोलायला लागली, अन् ते तिच्याकडं आलं. "समू, मोठ्या बाबाले सांग, पान वाढलं." भगवानराव दोन हातांच्या अंतरावर बसलेले, सगळं ऐकू गेलेलं, तरी पोरगी सांगेपर्यंत बुवा जागचे हलायचे नाहीत. पोरगी आता नऊ वर्षांची झाली तरी तोच तमाशा चालू होता.

अन् भगवानरावांचं तोंड! सुपारी, तंबाखू अन् चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा सकाळी एकदा गालात गेला की झोपेपर्यंत तो गाल काही रिकामा राहायचा नाही. बोलायचे तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात पिवळा फेस जमायचा, अन् ते तो रुमालानं पुसायचे. तो रुमाल धुवायला टाकला की उर्वशी काडीनं उचलून बादलीत टाकायची.

चूल पेटली. गावरान कोंबडा शिजायला लागला. समीक्षा चपला काढून पाण्याकडं धावली अन् दहा पावलांवर किंचाळून खाली बसली. फुटक्या शिशीवर पाय पडला होता. टाचेतून भळाभळा रक्त.

"अव माय!" उर्वशी पळाली, पण भगवानराव जवळच होते, ते आधी पोचले. त्यांनी पोरीचा पाय मांडीवर घेतला, तोंडात बोट घातलं, गालातला खर्रा सगळा काढला अन् तो ओला लगदा तसाच्या तसा जखमेत दाबला.

उर्वशी जागच्या जागी थिजली. तो तपकिरी चोथा, त्यातून टाचेवर उतरलेली लाळेची तार, त्यात मिसळणारं लेकराचं रक्त. छी, छी, छी!

"रडू नको वो बेटा," भगवानराव म्हणाले. "तंबाखू लावला का रक्त खटकन थांबते. आमच्या बाबानं आमाले असंच केलं, आम्ही काय मेलो?"

"ताई, त्याइले थांबवा ना," उर्वशी शीलाला म्हणाली.

"अव, त्याइले समजते सगळं. तू कायले एवढी घाबरून राह्यली?" शीला कांदा चिरत राहिली.

"तुम्ही तरी सांगा ना दादाले! घाण हाय ते!" ती नवऱ्याला म्हणाली.

शामनं इकडंतिकडं पाहिलं. "मोठे हायत ते. तोंडावर कसं म्हणू मी त्याइले?"

मग राहिली कोण? समीक्षा. अन् तिचाच पाय त्यांच्या मांडीवर होता. भगवानरावांनी खिशातून तोच रुमाल काढला, जखमेवर करकचून बांधला, हात पँटीला पुसला अन् तोच हात मिठाच्या डब्यात घालून चिमूटभर मीठ रश्श्यात टाकलं. उर्वशीनं हे डोळ्यांनी पाहिलं. तिला ओकारीच येत होती, पण तिनं ती गिळली, जसं अकरा वर्षं सगळंच गिळत आली होती. स्वतःचीच किळस वाटली तिला. काय बाई आहेस तू, आपल्या लेकराच्या अंगावर थुंकी चोळली अन् तू ओढणी सावरत उभी!

अर्धा तास गेला. समीक्षा तंबूच्या सावलीत गप पडून होती. रडत नव्हती, मोठ्या बाबांनी रडू नको म्हटलं होतं ना.

"आई," ती कानाशी म्हणाली, "आत काही तरी टोचून राह्यलं."

ते जवळच बसलेल्या भगवानरावांनी ऐकलं. "नाटकं हायत. कोंबडा वाढा, पाहजा कशी पळत येते."

झालं! उर्वशीनं पोरीला उचललं, कडेवर घेतलं अन् सडकेकडं चालायला लागली. नऊ वर्षांची पोरगी काय हलकी असते? पण तिला वजन कळलंच नाही.

"कुठं चालली?" शाम मागून ओरडला.

"दवाखान्यात."

"जेवण तं होऊ दे!"

ती मागं वळली नाही. तेव्हा मात्र भगवानरावांना गाडी काढावी लागली. घरची सून लेकरू कडेवर घेऊन भर सडकेनं चाललेली दिसली तर लोक काय म्हणतील, हा खरा घोर. पोरीच्या टाचेचा नाही! गाडीत बसताना त्यांनी खर्र्याची नवी पन्नी फोडली, अन् सगळ्या रस्ताभर तो आंबूस वास उर्वशीच्या नाकात जात राहिला.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं रुमाल कापला अन् झटकन तोंड फिरवलं. चोथा वाळून जखमेला चिकटला होता. तिनं पाणी ओतओतून तो सोडवला, सुपारीचे तुकडे चिमट्यानं एकेक वेचले, अन् शेवटी आतून निघाली बोराच्या बीएवढी काच.

"शी! हा खर्रा हाय का?" तिनं चिमटा वर धरला. "चावलेला? कोणं लावला हा?"

शाम पुढं झाला. "पोरीनंच लावला, म्याडम. लहान हाय, समजत नाही तिले."

उर्वशीनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. एवढा सरळ, एवढा निवांत खोटारडेपणा! भगवानरावांचं सोडा, त्या क्षणी तिला या माणसाची जास्त घाण वाटली.

"खरं का वो?" सिस्टरनं समीक्षाला विचारलं.

समीक्षानं आधी बापाकडं पाहिलं, मग दारात उभ्या मोठ्या बाबांकडं. "हो," ती म्हणाली. "मीच लावला."

हे कोणी शिकवलं पोरीला? तिनंच. दुसऱ्यांचं बोलणं आपल्या तोंडानं सांगायची सवय तिनंच लावली होती, रोज, जेवणाच्या वेळेला.

ती दाराकडं वळली. "दादाजी," ती म्हणाली. "तुम्ही सांगता का मी सांगू?"

शाम दचकला. भगवानराव तिच्याकडं पाहतच राहिले. त्यांचा गाल फुगलेला होता. बोलायचं तर आधी थुंकावं लागणार होतं, अन् समोर 'थुंकू नका' लिहिलेली भिंत होती. त्यांनी नुसतं नाकातून हूं केलं.

"हे पोरगी खोटं बोलून राह्यली, सिस्टर," उर्वशी म्हणाली. "अन् तिचा बापही. तिच्या मोठ्या बाबानं लावला, आपल्या तोंडातला काढून. हे उभे हायत."

सिस्टरनं केसपेपर पुढं ओढून पेन उचललं.

"अन् हेही लिहा," उर्वशी म्हणाली, "का मी अर्धा तास पाहत होती."