गळक्या मोटारीचं माप

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझा टप कापडाचा आहे. मनात आलं की त्याची मागे घडी घालायची आणि आभाळ डोक्यावर घेऊन निघायचं, हा माझा जन्मापासूनचा थाट. मला खोटं बोलता येत नाही. थोडं फुगवून मात्र सांगता येतं. चारही चाकांत हवा भरलेली असली की तेवढं व्हायचंच.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. तिथला म्हातारा कारागीर माझं दार लावायचा आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. ‘धाडकन’ वाजलं की मान हलवून पुन्हा पाना हातात घ्यायचा. पिकलेलं फळ गवतावर पडावं तसा आवाज आला, तेव्हा कुठे तो हसला. तुम्ही पाहता त्या मोटारींच्या दारांना वर चौकट असते आणि काच तिच्यात सुखाने बसते. माझ्या काचांना चौकट नाही. त्या दारातून सरळ वर येतात आणि टपाच्या काठच्या रबराला हलकेच गाल टेकतात. तो गाल जरा दूर राहिला की पाऊस आत.

तरुणपणी मी काय काय पाहिलं! एकदा टेकडीवर एक छोटासा ढग दमून माझ्या मागच्या सीटवर येऊन झोपला. उतार लागल्यावर हॉर्न वाजवून त्याला उठवावं लागलं. उघड्यावर उभी राहिले की सीटांवर इतकं चांदणं साचायचं की सकाळी फडक्याने पुसून काढावं लागे. हसू नका. ते फडकं अजून अंधारात चमकतं.

मग माझे दिवस फिरले, आणि उतारवयात मी एका घड्याळजींच्या अंगणात आले. अंगणाच्या एका बाजूला त्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायकोचं शिवणाचं दुकान. इकडून टिकटिक, तिकडून शिवणयंत्राची घरघर. दोन्हींच्या मध्ये मला अशी गुंगी यायची की दुपार कधी सरली ते कळायचं नाही. टप उघडून मला बाहेर काढलं की घड्याळजी शाळेतून पळालेल्या मुलासारखे दिसत.

पण मी गळत होते. डावीकडची काच वरून बाहेर कलली होती, कारण घड्याळजी नेहमी काचेलाच धरून दार ओढत. आणि त्या बाजूला बसत बाई, म्हणजे त्यांची बायको.

“अहो, तुमच्या या राणीचं माझ्याशी काय वाकडं आहे? नेमकी माझ्याच खांद्यावर गळते!”

“अगं, दोन थेंब तर आहेत.”

“दोन थेंब? पातेलं ठेवलं तर भाजी धुऊन होईल!”

घड्याळजी बिचारे कामाला लागले. पण ज्याचा जन्म घड्याळं उघडण्यात गेला, तो कुठलंही काम बारक्यातल्या बारक्या गोष्टीपासून धरतो. डोळ्याला भिंग लावून त्यांनी रबरातल्या केसाएवढ्या भेगा मेणाने भरल्या. मग त्यावर जाड रबर चिकटवलं, तर काच आणखीच बाहेर ढकलली गेली. शेवटी दारांच्या तळाशी भोकं दिसली. “इथूनच येतंय!” म्हणत त्यांनी ती लांबीचा लगदा भरून बुजवली. मित्रांनो, ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी होती! दाराचा हौद झाला. वळणावर पोटात पाणी डुचमळायचं. एक बेडूक त्यात बिऱ्हाड करून राहिला. गळा चांगला होता त्याचा. हॉर्न बिघडला तेव्हा त्यानेच वेळ निभावली.

मग हंसाचं प्रकरण झालं. बाईंनी नाटकमंडळींसाठी हंसाचा पोशाख शिवला होता. पांढरंशुभ्र रेशीम, पंखांवर एकेक पीस हाताने टाचलेलं. तो पोहोचवताना सर आली आणि माझं गंजाचं पाणी त्याच्या उजव्या पंखावर ओघळलं. रंगमंचावर हंस आला, तशी पहिल्या रांगेतली एक मुलगी ओरडली, “आई, बदक!” सगळे हसले. हंसाचं काम करणारी मुलगी पडद्यामागे जाऊन ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी बाई पत्रेवाल्यालाच घेऊन आल्या. त्याने माझ्या टपावर टिचकी मारली. “वहिनी, असा पत्रा ठोकतो की पाऊस दारातूनच परत जाईल.”

“कायमचा ठोका.”

कायमचा! म्हणजे पुन्हा ढग नाही, चांदणं नाही. माझ्या टाकीतलं पेट्रोल गोठल्यासारखं झालं.

घड्याळजींनी भिंग खिशात ठेवलं. “त्या हंसाच्या मुलीला नवा पोशाख द्यायचाय ना? तो मी हिच्यातूनच नेतो. एक थेंब जरी पडला, तर पत्रा धरायला मी स्वतः उभा राहीन.”

“पडणारच आहे,” बाई म्हणाल्या. “पण बरं.”

पोशाख तयार झाला त्या सकाळी घड्याळजी नळी घेऊन माझ्यावर पाणी मारत होते आणि बाहेरून डोळे ताणून बघत होते. पाण्याचा आवाज ऐकून बाई गळ्यात टेप घेऊन बाहेर आल्या.

“बाहेरून काय डोंबल दिसणार? कपडा अंगात घातल्याशिवाय कुठे उसवलंय ते कळतं का? व्हा बाजूला.”

त्या आत बसल्या आणि दार लावून घेतलं. “मारा पाणी!”

काचांवरून पाणी वाहू लागलं. बाहेरची भिंत, दोरीवरचे कपडे, नळी धरलेला नवरा, सगळं वितळून हलू लागलं. जणू आम्ही दोघी तळ्याच्या तळाशी बसून वर बघत होतो. बाईंचा राग कुठेतरी विरघळला. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, “छान आहेस गं तू.” आणि थेंब पडला, खांद्यावरच.

पण या वेळी तो कुठून आला ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी खिशातला शिवणखडू काढून रबराच्या काठावर फिरवला आणि काच वर केली. काचेवर खडू उमटला तो फक्त पुढे. मागच्या कोपऱ्यात काहीच नाही. तिथे मापाच्या कागदाची पट्टी धरली, तर ती अलगद निसटली. बाई उतरल्या, मागे सरल्या आणि गिऱ्हाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत राहिल्या.

“अहो, हिचा खांदा उतरलाय.”

“म्हणजे?”

“दार लोंबलंय. खांदाच बसला नाही तर बाही कशी बसेल? तुम्ही आधीपासून गुंड्याच लावत सुटलात!”

घड्याळजी आधी रागावले, मग वाकून बघू लागले, मग हसायला लागले. “मोठ्याकडून लहानाकडे यायचं म्हणतेस?”

त्यांनी दाराखाली लाकडी ठोकळा देऊन ते उचललं आणि बिजागऱ्या आवळल्या. मग काचेची पाळी. तिचे स्क्रू दाराच्या पोटात असतात आणि केसभर फिरले तरी काच कलते. तिथे घड्याळजींचीच बोटं हवीत! ते केसभर फिरवायचे, बाई खडू लावायच्या.

“अजून.”

“इतकं?”

“थोडं मागे. हां! तिथेच!”

भोकं मोकळी झाली तेव्हा बेडूक फणकाऱ्याने निघून गेला. अजून माझ्याशी बोलत नाही. जाड रबर निघालं आणि नवं पातळ रबर सगळ्यात शेवटी बसलं. कागदाची पट्टी आता ओढूनही निघेना. बाईंनी दार लोटलं, आणि मित्रांनो, कितीतरी वर्षांनी पिकलेलं फळ गवतावर पडलं.

संध्याकाळी आम्ही निघालो. हंस बाईंच्या मांडीवर. पत्रेवाला साक्षीदार म्हणून मागे, टेप हातात धरूनच. आणि काय पाऊस! मासेसुद्धा आडोसा शोधत होते. सगळ्यांचे डोळे टपाकडे. नाटकगृह आलं तेव्हा बाईंनी सवयीने डाव्या खांद्यावर हात फिरवला.

“कोरडा,” त्या म्हणाल्या आणि हात तसाच खांद्यावर ठेवून बसल्या.

त्या दिवशी कोणी बदक म्हणालं नाही. मी बाहेर उभी होते. मधेच तो हंस छपरावरून उडून एक फेरी मारून आत परत गेला, हे मी या दोन दिव्यांनी पाहिलं.

परतताना पाऊस थांबला होता. बाई म्हणाल्या, “अहो, टप उघडा ना.”

“अहो वहिनी, मग माझ्या पत्र्याचं काय?” मागून आवाज आला.

“तुम्ही गप बसा आणि वर बघा.”

पत्रेवाल्याने वर पाहिलं. घर येईपर्यंत त्याने मान खाली केली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी मोटार कुठे दिसली, तर तिचं दार काचेला धरून ओढू नका. तळाची भोकं साफ ठेवा. आणि ती गळत असली, तर नुसतं बाहेरून पाणी मारू नका. कोणीतरी आत बसून बघा. मागच्या सीटवर एखादा ढग झोपलेला असेल, तर जरा सरकून बसा.