चौथी पन्नी

मित्रांनो, यंत्रयुग कशावर उभं आहे असं कोणी विचारलं, तर तुम्ही लोखंड, वीज, डिझेल अशी उत्तरं द्याल आणि पैकीच्या पैकी गुण मिळवाल. पण खरं उत्तर वेगळं आहे. यंत्रयुग माझ्यावर उभं आहे.

मी एक जुनी पन्नी आहे.

शहरातले शिकलेले लोक मला प्लास्टिकची पिशवी म्हणतात आणि नाक मुरडतात. आमच्या गडचिरोलीकडे मला पन्नी म्हणतात आणि घडी घालून गादीखाली ठेवतात. मान कुठे मिळतो, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच मिनिटाला माझ्या दोनशे बहिणी जन्मल्या, त्यामुळे बारसं वगैरे झालं नाही. चंद्रपूरच्या एका साड्यांच्या दुकानात मी नोकरीला लागले. अंगावर दुकानाचं नाव होतं आणि खाली ‘धन्यवाद, पुन्हा या’ असं छापलं होतं. नाव केव्हाच पुसलं गेलं. आमंत्रण तेवढं उरलं आहे. एके दिवशी मनकर्णाबाईंची जांभळी साडी पोटात घेऊन मी चामोर्शीजवळच्या त्यांच्या गावी आले. साडी पेटीत जाऊन झोपली. मी कामाला लागले. रेशन कार्ड, वाळवलेली मोहाची फुलं, डॉक्टरच्या गोळ्या, सगळं मी सांभाळलं. पाऊस आला की बाईंचे यजमान मुखरूभाऊ मला टोपीसारखी डोक्यावर ओढत. माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते मला तेव्हापासून जवळून कळतं. मुखरूभाऊंच्या डोक्यात एकच गोष्ट होती, त्यांची जीप.

बैलजोडी विकून त्यांनी एक म्हातारी डिझेल जीप आणली होती. आठवडी बाजाराला ती अख्खं गाव चामोर्शीला नेई. पण पोळा आला. गावचे बैल सजून आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या गुरांच्या मैदानावर, तोरणाखाली उभे राहणार आणि आपण काय नुसतं बघायचं? ते पंचांकडे गेले. “माहा बैल चार चाकाचा हाय. त्याले काऊन नाई उभं राहू देत?” पंचांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि रांगेत शेवटची जागा दिली.

आता मित्रांनो, पोळ्याला बैल तलावावर नेऊन धुतात. भाऊंनीही तेच केलं. बाजाराची खेप करून आलेली तापलेली जीप तशीच तलावावर नेली, बॉनेट उघडलं आणि बादलीवर बादली आत ओतली. मी तेव्हा त्यांच्या डोक्यावर होते, म्हणून डोळ्यांदेखतचं सांगते. वाफेचा असा लोट उठला की मीच वितळते की काय असं वाटलं. मग त्यांनी भाताच्या तणसाचा बोळा घेऊन बैलाची पाठ घासावी तसं इंजिन घासलं, वायरींसकट. “उभा राह्य बेटा, उभा राह्य,” असं प्रेमानं म्हणतही होते. बेटा राहिला. तिथून हललाच नाही.

शेवटी शेजारच्या श्रावणने आपली जोडी आणली. त्याच्या बैलांची नावं सरदार आणि मास्तर. सरदार-मास्तरने जीपला ओढत तोरणाखाली नेलं, तेव्हा आखर हसून हसून लोळला. श्रावण म्हणाला, “मुखरूभाऊ, तुमच्या बैलाले पायच नाई. माह्या मास्तरचा एक देऊ का?” पंचांनी तिथंच सुनावलं, “पुढच्या साली हा आपल्या पायानं आला तर आला. पुन्हा ओढून आनला तर रांगेतून नाव कट.”

दोन दिवसांनी वाळून जीप चालू झाली, पण ते वर्ष मुखरूभाऊंना जड गेलं. गाडीत बसताना बाया विचारत, “भाऊ, बैल संग घेतले का?” त्यांनी हसून चालवलं, पण डोक्यावर बसलेल्या मला त्यांच्या कानशिलाची गरमी कळत होती.

यंदा ते आधीच चामोर्शीला अकरम मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. मी खिशात होते. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. तिथे आधीच इतकं ऑईल होतं की नवा डाग पडला नाही.

“भाऊ, गरम तव्यावर पानी टाकल्यावर काय होते? तसंच हाय. पहिले तिले पूरी ठंडी होऊ द्या. बॅटरीची तार काढा. मंग अल्टरनेटर, फ्यूजचा डब्बा, सेल्फ आणि एअर फिल्टरचं तोंड, या चार जाग्यावर पन्नी बांधा. साबनाचं पानी ब्रशनं लावा, झारीनं हळूहळू धुवा. प्रेशरचा पाईप अजिबात मारू नका. फडक्यानं पुसा, बॉनेट खुल्लं ठेवून वाळू द्या. मंग चारी पन्न्या काढा आणि तार लावा. गिनून काढा, भाऊ!”

“मले चारपर्यंत मोजता येते,” भाऊ जरा रागानेच म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. भाऊंनी बॉनेटच्या दोन्ही बिजागऱ्यांना चोळलं आणि जीपच्या कानात, म्हणजे आरशात, सांगितलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” सकाळी कामाला सुरुवात झाली. इंजिन रात्रभर थंड झालेलं. तार काढली. घरातल्या चार पन्न्यांपैकी सगळ्यात धडधाकट मी, म्हणून मला एअर फिल्टरचं तोंड मिळालं. इंजिन जिथून श्वास घेतं, ती जागा! आयुष्यात असा सन्मान मला मिळाला नव्हता. झारी फिरली, ब्रश फिरला, वर्षभराचा चिखल वाहून गेला, आणि माझ्या खाली एक थेंब गेला नाही. ऊनही चांगलं लागलं.

दुपार टळली. भाऊंनी एक पन्नी काढली. दुसरी काढली. तिसरी काढताना कुंपणावरून श्रावणचा आवाज आला, “भाऊ, दोर आनू का आताच? मंग धावपळ होते!”

भाऊंचा पारा चढला. “तू आपल्या बैलाचं शेण काढ!” असं म्हणत त्यांनी तार लावली आणि बॉनेट धाडकन आपटलं.

मी आतच.

मित्रांनो, पन्नीला तोंड असतं, पण बोलता येत नाही. ही निसर्गाची चूक त्या दिवशी मला फार जाणवली.

जीप चालू झाली. डफड्या वाजल्या. माझा दोरा जरा सैल होता, तिथून हवा येत होती, म्हणून गाडी अंगणातून निघून आखरावर पोहोचलीही. मग रुबाब दाखवायला भाऊंनी पाय दाबला. इंजिनने खोल श्वास घ्यायला बघितलं आणि त्याऐवजी मला घेतलं. मी फिल्टरच्या तोंडाला गच्च बसले. जीप खोकली, हादरली आणि तोरणापासून वीस हातांवर मेली.

 भाऊंनी मिस्त्रींना फोन लावला.

“पन्न्या काढल्या का?”

“काढल्या नं! चारीच्या चारी!” भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले. खोटं नव्हतं ते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

“मंग पानी घुसलं असंन,” मिस्त्री हळहळले.

सगळा दोष पाण्यावर गेला. श्रावण सरदार-मास्तरला घेऊन पुढे आला. यंदा तो हसत नव्हता. भाऊंनी मान खाली घातली आणि दोराला हात घातला.

तेवढ्यात मनकर्णाबाई तरातरा आखरावर आल्या. अकरम मिस्त्रींना पुरणपोळ्या पाठवायच्या होत्या.

“अहो, माही पन्नी कुठी हाय? साडीची! तीन भेटल्या. तिचेच कान साबूत हायेत.”

“मनकर्णा, इथी माही इज्जत जाऊन राह्यली अन् तुले पन्नी पाह्यजे?”

“हो, पाह्यजे! सकाळी तुम्हीच नेली!”

भाऊंनी वैतागून बाईंना दाखवायला बॉनेट उचललं. “पाह्य! हाय का कुठी...” आणि थांबले. मी चपटी होऊन फिल्टरला चिकटले होते. ‘पुन्हा या’ ही अक्षरं बरोबर वर आली होती.

श्रावणने वाकून वाचलं आणि तो हसत हसत तिथंच खाली बसला. बाईंनी मला फर्रकन ओढून काढलं. भाऊंनी चावी फिरवली. जीप एका दमात चालू झाली आणि आपल्या पायांनी तोरणाखाली जाऊन उभी राहिली. पंचांनी तिच्या आरशाला बेगड चिकटवली. सरदार-मास्तर शेजारी रवंथ करत होते.

तेव्हा मित्रांनो, वस्तूंना धुवा, पण त्यांचा स्वभाव ओळखून धुवा. इंजिन थंड होऊ द्या. पाण्याचा जोर आवरा. जितक्या पन्न्या बांधाल, तितक्या मोजून काढा. आणि आम्हाला रस्त्यावर फेकू नका, आम्हीही जबाबदारीची कामं करतो.

शेवटी एकच लहानशी विनंती. त्या दिवशी बाईंनी मला नुसतं झटकलं आणि पोळ्या भरल्या. अकरम मिस्त्रींनी त्या आवडीनं खाल्ल्या, ऑईलच्या वासाचं त्यांना वेगळं काही वाटलं नाही. पण सगळेच काही गॅरेजात जेवत नाहीत. इंजिनवरून काढल्यावर मला आधी साबण लावत जा.