काठावरची

पास व्हायले किती मार्क लागतील, ते ठरवायले आम्हाले गडचिरोलीले बोलावलं होतं. परीक्षा गावोगावच्या आरोग्यसेविकांची. पेपर झाला होता, निकाल बाकी होता. नापास होईल तिची नोकरी जाणार होती.

"काठावर पास होणारी एक बाई डोळ्यासमोर आणा," नागपूरचे साहेब म्हणाले. "तशा शंभर जणींतल्या किती जणींना हा प्रश्न येईल, तो आकडा सांगा. सगळ्यांच्या आकड्यांवरून पासची रेघ ठरेल."

मी दवाखान्यात औषधं देतो. माझ्या डोळ्यासमोर खरं म्हणजे कोणीच नव्हतं. पन्नास-साठ सांगून मोकळा होत होतो. बाजूले बसलेल्या सत्यशीलाबाई जुन्या नर्स. त्यांच्या डोळ्यासमोर मात्र त्यांच्या हाताखालची आरोग्यसेविका रंजीता होती. साप चावल्याचा प्रश्न आला, बाईनं पंच्याण्णव सांगितले. बाळंतपणाचा आला, नव्वद.

"रंजीता अशीच काठावरची आहे, नागसेनभाऊ," चहा पिताना बाई म्हणाल्या. "तिले पास करूनच सोडीन."

मी कपाळावर हात मारला. "बाई, तुम्ही रंजीताले नाई, रेघ वर ढकलून राह्यल्या. काठावरचीले इतकं येते म्हटलं, का पास व्हायले तितकंच लागते. पेपर तर तिनं कधीच देऊन टाकला."

बाईचा चहा तसाच राहिला.

मंग दुसरी फेरी झाली. आकडे बदलायची मुभा होती. साहेबांनी सापाचा प्रश्न पुन्हा वाचला.

"पंच्याण्णव," बाई म्हणाल्या. मी कोपरानं ढोसलं, तशा हळूच बोलल्या, "साप चावला म्हणून लोकं पोराच्या पायाले दोरी बांधून राह्यले होते, तिनं साऱ्या गावाले दटावून ती सोडवली अन् पोराले दवाखान्याच्या गाडीत घातलं. मी तिथंच होती. तिले येत नाई, असं काऊन सांगू?"

मले बाईचा असा राग आला का काय सांगू. असला खरेपणा काय चाटायचा आहे? त्यांनी एकही आकडा खाली आणला नाई.

निकाल लागला. रंजीता एका मार्कानं नापास झाली.

सांगायले बाई स्वतः तिच्या गावाले गेल्या, माझ्याच गाडीवर मागं बसून. रंजीता एका लेकराचं वजन करून राह्यली होती. बाईनं काही लपवलं नाई. रंजीतानं लेकरू मायच्या मांडीवर ठेवलं.

"सापाच्या प्रश्नाले किती म्हटलं, बाई?"

"पंच्याण्णव."

"माह्याकडे पाहून?"

"तुह्याकडेच पाहून."

रंजीता हसली. चांगली खुश होऊन हसली. "मले आजपर्यंत कोणी इतके देले नाई," म्हणाली.

मंग तिनं वजनकाटा पुसला अन् तो कोणाले द्यायचा, ते विचारलं.